आबांच्या मृत्युपत्राचे अकरा साक्षीदार

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आले की जे नोंदवहीत नाही ते घडलेलेच नाही. मोजमाप तुम्ही शंभर डोळ्यांदेखत केलेले असो. वहीत आकडा, आकड्याखाली तुमची सही आणि तिच्या शेजारी तपासणाऱ्याची दुसरी सही नसेल, तर ते मोजमाप हवेत विरले असे समजायचे. हा नियम मला इतका पटला की महिनाभरात मी तो घरच्यांना लावायला निघाले. आमच्या घरी नेमका उलट नियम चालत आला होता. जे लिहून घ्यावे लागते, त्यात काहीतरी काळेबेरे असते, असे सगळे मानत.

माझ्या आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. ते एसटीत चालक होते आणि निवृत्तीनंतर पिशोरला राहत. वाडवडिलांची जमीन त्यांनी माझ्या वडिलांना आणि काकांना केव्हाच वाटून दिली होती. उरले होते ते त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेले: रस्त्याला लागून दोन एकर, त्यात एक विहीर, आणि चार खोल्यांचे सिमेंटचे घर. त्या घरात बावीस वर्षांपासून आत्या राहत होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती सासरहून परत आली. का आली हे ती सांगत नसे आणि विचारण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. शेत ती बघायची, दोन म्हशी ती सांभाळायची, आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याच लक्षात असायच्या. घर आत्याचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. मी विचारले की उत्तर ठरलेले असे: "आबानं शब्द दिलाय ना!"

शब्दाविषयी मला शंका नव्हती. मला शंका काकांच्या पावलांविषयी होती. काका शहरात प्लॉटचे व्यवहार करत. स्वभावाने वाईट नव्हते, पण पिशोरला आले की जेवणानंतर शतपावलीच्या निमित्ताने ते रस्त्याकडच्या बांधावरून फिरत आणि फिरताना त्यांचे ओठ हलत. एकदा मी मागोमाग गेले तेव्हा कळले की ते पावले मोजत होते. परत आल्यावर म्हणाले, "इथं मंगल कार्यालय काय झकास चालंल!" आत्या ताटे उचलत होती. तिने ऐकले आणि ताटे जरा जास्त आवाज करत ठेवली.

मी कायदा वाचून काढला. मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता तिघा भावंडांत समान वाटली जाते, म्हणजे आत्याला तिसरा हिस्सा. चार खोल्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश खोली. विहिरीचा तिसरा हिस्सा कसा राखायचा, याबद्दल कायदा मौन बाळगून होता. तेवढा हिस्सा तरी तिच्या हाती राहील का, हा खरा प्रश्न. आमच्याकडे बाप गेला की बहिणी तहसीलला जाऊन भावांच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देतात, भाऊ साडी घेतात आणि फोटो निघतो. आत्याला विचारले तर ती शांतपणे म्हणाली, "मागितली तर देईन की सही. भावांशी भांडू का आता?"

"आणि राहशील कुठे?"

"बघू तवाचं तवा."

हे 'तवाचं तवा' माझ्या नोंदवहीत कोणत्या रकान्यात बसवावे ते मला कळेना. मी आबांना गाठले.

"मरणाचा कागद जित्तेपणी लिहायचा?" आबा म्हणाले. "अपघाताच्या आधीच पंचनामा करतीस व्हय गं बाई?"

"आबा, गाडी आगारातून काढण्याआधी तुम्ही ब्रेक तपासायचा की घाटात गेल्यावर?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली. मग म्हणाले, "काढ तुझा कागद." एसटीची उपमा दिली की आबा कोणत्याही प्रस्तावाला मान्यता देतात, हा शोध मी स्वतंत्रपणे लावला होता आणि तो वारंवार पडताळूनही पाहिला होता.

आत्याचा मात्र विरोध होता. "लोकं म्हणतील, पोरीनं म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं." यावर मी तिला सांगितले की म्हणूनच या कामात तिने कुठेही दिसायचे नाही. कागद करायच्या दिवशी तालुक्याच्या गावी, कन्नडला, यायचे नाही, कुणाला काही सांगायचे नाही, कुणाला चहासुद्धा पाजायचा नाही. कायद्याच्या भाषेत त्याला अनुचित प्रभाव म्हणतात.

"चहाला?" आत्याने विचारले.

"चहालासुद्धा."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू कारखान्यातल्या धुराने माझ्या डोक्यावर परिणाम झाला असावा.

पहिली पायरी वैद्यकीय प्रमाणपत्राची होती. लिहून देणारा शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत आहे, असे डॉक्टरने लिहून दिले म्हणजे पुढे वाद राहत नाही. आम्ही कन्नडला एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली आणि नम्रपणे विचारले, "बाबा, आज वार कोणता?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. "हा काय इचारायलाय?"

"तुम्हाला कळतं का, ते बघतायत."

"मी येडा हाय का नाय, ते?" आबा खुर्चीत सरळ झाले. "बुधवार. आता मी इचारू? डॉक्टरसायब, औरंगाबादहून कन्नडला येताना खुलताबादच्या पुढचे थांबे सांगा. ओळीनं."

डॉक्टर म्हणाले, "वेरूळ... मग..." आणि थांबले.

"कसाबखेडा, गल्ले बोरगाव, हतनूर. रोज जाता-येता ना तुम्ही या रस्त्यानं?" आबा माझ्याकडे वळले. "यांना कोण देतं गं प्रमाणपत्र?"

डॉक्टर मोकळेपणाने हसले आणि त्यांनी प्रमाणपत्रात स्मरणशक्ती उत्तम असल्याचे एक जादा वाक्य घातले. आबांनी ते दोनदा वाचायला लावले.

दुसरी पायरी साक्षीदारांची, आणि इथे माझी शास्त्रीय पद्धत कोलमडली. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. मी निकष काढले होते. साक्षीदार लिहून देणाऱ्यापेक्षा वयाने बराच लहान हवा, प्रकृतीने धडधाकट हवा, मालमत्तेत त्याचा काडीचा संबंध नको. या निकषांवर मी माझा एक सहकारी आणि शहरातले आमचे शेजारी असे दोघे निवडले आणि आबांना फोनवर कळवले.

"कोण हायत हे?"

"चांगली माणसं आहेत. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर येतील."

"पोरीचं लग्न ठरवायला रस्त्यावरचे दोघं बसवतेत का? भावकी मेली का माझी?"

"आबा, भावकीतले सगळे तुमच्यापेक्षा मोठे आहेत. साक्षीदार तुमच्या आधी गेला तर उपयोग काय त्याचा?"

"माझ्या साडूला असं म्हणून दाखव बरं तोंडावर."

बरीच घासाघीस झाल्यावर ते म्हणाले, "बरं, दोन तर दोन." मी ही संमती समजले. फोनवरच्या 'बरं'ची नोंद कुठेही होत नाही, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे होते.

ठरलेल्या दिवशी मी शहरातून एसटीने कन्नडला गेले. सहकाऱ्याला आणि शेजाऱ्यांना आबांनी परस्पर फोन करून नको म्हणून सांगितले होते, हे मला वेरूळच्या अलीकडे कळले. निबंधक कार्यालयाच्या बाहेर एक दस्तलेखक बसत. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलण्यात कोरडे. मी त्यांच्याकडे मसुदा देऊन ठेवला होता. आम्ही वाट पाहत असताना पिशोरकडून एक जीप आली. तिच्या मागच्या दांडीला एक गृहस्थ लटकले होते आणि टपावर टोपल्या होत्या.

जीप थांबली. आधी ते लटकलेले गृहस्थ खाली उतरले आणि बाजाराच्या दिशेने चालते झाले. मग मागच्या दारातून एकेक म्हातारा उतरू लागला. पांढरी टोपी, फेटा, पुन्हा टोपी. मी मोजत गेले. दहा. दहाव्या क्रमांकावर पुढच्या आसनावरून आबांचे साडू उतरले, काठी टेकत, वय चौऱ्याऐंशी. आबा स्वतः चालकाशेजारून सगळ्यांत शेवटी उतरले, एसटीतही ते तसेच उतरत.

"आबा, हे काय?"

"साक्षीदार."

"दोन ठरले होते!"

"दोघांनाच सांगितलं व्हतं. साडूला अन् थोरल्या घरच्यांना. मग धाकट्या घरचे म्हणले, आमचं काय चुकलं? त्यांना सांगितलं तर पलीकडच्या आळीचे रुसले. तुझ्या वडिलाच्या लग्नात असंच झालं व्हतं, अजून ऐकवतेत."

"मग दहावरच कसे थांबलात?"

"जीप भरली."

प्रत्येकाच्या खांद्यावर नवा टॉवेल होता. आबांनी निघण्यापूर्वी सगळ्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला होता. दस्तलेखकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ताई, हे मृत्युपत्र आहे ना? का साखरपुडा?"

कायद्यात किमान दोन म्हटले आहे, कमाल किती ते म्हटलेले नाही. मी तो मजकूर तिथेच मोबाईलवर पुन्हा वाचला, या आशेने की कुठेतरी मर्यादा सापडेल. सापडली नाही.

दस्तलेखकांनी मसुदा मोठ्याने वाचला. मृत्युपत्र ही गोपनीय बाब असते, असे मी आबांना समजावले होते. ती आता चहाच्या दोन टपऱ्यांपर्यंत ऐकू जात होती. घर, विहीर आणि दोन एकर माझ्या मुलीला, हे वाक्य आले आणि टोप्या हलल्या.

"लेकीला शेत?" धाकट्या घरचे चुलत आजोबा म्हणाले. "आपल्यात दिलं का कुणी आजवर?"

"आपल्यात लेकीनं बावीस वर्षं शेत केलं का कुणाच्या?" थोरल्या घरच्या आजोबांनी विचारले.

"पोरं काय म्हणतेत?"

"पोरांना त्यांचं दिलंय," आबा म्हणाले. "वसियत माझी हाय. ज्याला पटत नाय त्यानं सही करू नये. टॉवेल परत मागणार नाय मी."

कुणी हलले नाही. टॉवेल घेऊन सही न करता पिशोरला परतणे कुणालाच परवडणारे नव्हते. मग टपावरच्या टोपल्या खाली आल्या. आत्याने चौदा माणसांना पुरतील एवढ्या भाकरी, ठेचा आणि पिठले दिले होते.

"हे खाता येणार नाही," मी म्हणाले. "ज्याला मालमत्ता मिळणार त्याच्याकडून साक्षीदारांनी जेवण घेणं म्हणजे अनुचित प्रभाव."

"ठेचा लई भारी झालाय," आबांचे साडू म्हणाले. "तू घे ना पोरी."

मी खाल्ले. प्रभाव पडला, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

खरे भांडण त्यानंतर सुरू झाले. कागदावर सगळे सही करू शकत होते, पण निबंधकांसमोर अंगठा द्यायला आणि फोटोला पहिले दोनच जाणार होते. पहिला कोण? वयाने साडू मोठे, पण ते पाहुणे. थोरल्या घराचा मान मोठा, पण ते वयाने लहान. धाकट्या घरचे म्हणाले की दर वेळी थोरल्या घराला पुढे करायचे असेल तर आम्हाला आणले कशाला? मी सुचवले की सह्या वर्तुळात कराव्यात. बेंझिनच्या वलयात पहिला कार्बन कोणता हे कुणी विचारत नाही. दस्तलेखकांनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. इतका संपूर्ण नकार मी प्रबंधाच्या मुलाखतीतही पाहिलेला नाही.

कार्यालय बंद व्हायला दोन तास उरले होते. काकांना या दिवसाचा सुगावा लागला, तर आबांना समजावून पुन्हा इथवर आणणे कठीण होते. आणि दहा घरांचे एवढे म्हातारे परत गेल्यावर सुगावा लागणार हे नक्की होते. आजच झाले तर झाले.

शेवटी आबा उठले आणि त्यांनी आगारातला आवाज लावला. "भांडायचं काम नाय. गाडीतून जसे उतरले तशा सह्या. पहिला उतरला तो पहिला."

क्षणभर सगळ्यांनी आठवून पाहिले. मग एकदम गलका झाला. कारण पहिले उतरलेले गृहस्थ साक्षीदारच नव्हते. ते आमच्या शेताजवळच्या वस्तीवरचे मेंढपाळ, ज्यांना सारे तात्या म्हणतात. उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्या खतासाठी आमच्या शेतात बसायच्या, एवढाच संबंध. त्या दिवशी ते मेंढ्यांचे औषध आणायला निघाले होते आणि फुकटात जीप मिळाली म्हणून मागे लटकले होते.

"तो तर बाजाराला आलाय!" साडू ओरडले.

"उतरला का नाय पहिला?" आबा म्हणाले.

"अन् मी पुढं बसलो म्हणून शेवटचा? मला पुढं बसवलं ते यासाठी व्हय?"

पिशोरच्या थांब्यावर पुढच्या जागेसाठी साडूंनी पंधरा मिनिटे वाद घातला होता, असे मला नंतर कळले. आबा मात्र बधले नाहीत. गाडीचा नियम तो नियम. माझ्या मनात एव्हाना निराळीच गणती चालू होती: तात्या पन्नाशीचे, डोंगर चढणारे, नात्याबाहेरचे, मालमत्तेशी संबंध शून्य. माझे सगळे निकष जीपच्या मागच्या दांडीला लटकून आले होते.

मी बाजारात धावले. तात्या जनावरांच्या औषधाच्या दुकानात सापडले.

"तात्या, चला, सही करायची आहे."

"म्या काय केलं, बाई?"

"तुम्ही पहिले उतरलात."

हे स्पष्टीकरण त्यांना पुरले नाही, पण ते आले. त्यांनी सगळा मजकूर पुन्हा वाचून घेतला. इतर कुणीही तसे केले नव्हते. मग आबांनी सगळ्यांदेखत सही केली आणि तात्यांनी त्यांच्याखाली एकेक अक्षर बसवत साक्षीदारांतली पहिली. त्यांच्याखाली मागच्या दाराशी अवघडून बसलेल्या धाकट्या घरच्यांनी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर साठ वर्षांचा अपमान फिटल्याचे समाधान होते. सह्यांची यादी दुसऱ्या पानावर गेली. साडूंनी अकरावी सही केली, ती सगळ्यांत मोठी. निबंधक कार्यालयातल्या फोटोत तात्यांच्या हातात जंताच्या औषधाची बाटली दिसते, कारण ती ठेवायला त्यांना विश्वासाची जागा मिळाली नाही.

परतताना माझ्या हातून एक चूक झाली. मृत्युपत्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येते, हे मी आबांना सांगून टाकले. त्यानंतरची दोन वर्षे भाजीत मीठ कमी पडले की ते म्हणत, "जीप बोलवू का?" आत्या म्हणे, "बोलवा, पण भाकरी मी देणार नाय." जीप कधी बोलावली गेली नाही.

आबा एका हिवाळ्यात झोपेत गेले. अकरांपैकी साडू आणि आणखी दोघे त्यांच्या आधी गेले होते. माझे भाकीत आकडेवारीने अचूक ठरले, याचे मला काडीचेही सुख झाले नाही. तेराव्याच्या जेवणानंतर मंडपात माणसे बसली होती. काका म्हणाले, आणि आवाज चढवून नाही, जरा खाली बघत म्हणाले, "कागद तर कागद हाय. पण शेवटी शेवटी म्हाताऱ्याला कळत व्हतं का, हेबी बघावं लागंल."

आत्या पंगतीतली पाने उचलत होती. ती थांबली. मी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायला उठले, तेवढ्यात मंडपाच्या कडेला बसलेले तात्या बोलले.

"पहिली सही माझी हाय. माझं एक अक्षर चुकलं व्हतं. मी त्याच्यावरच गिरवायला लागलो, तर आबा म्हणले, गिरवू नको. एक रेघ मार, शेजारी नीट लिही अन् तिथं पुन्हा सही कर, नातीच्या कारखान्यात असंच करतेत. ज्याला कळत नाय तो असं सांगल का, भाऊ?"

 मग धाकट्या घरचे म्हणाले, "दुसरी माझी." थोरल्या घरचे म्हणाले, "माझी सातवी." कुणी पाचवी म्हणाले, कुणी आठवी. कुणी काकांना रागावले नाही, समजावलेही नाही. फक्त आपापला क्रमांक सांगितला. यातल्या प्रत्येकाच्या घरी काकांना पुढची तीस वर्षे लग्नाला जायचे होते. कोर्टात टिकेल असा साक्षीदार मी शोधत होते. आबांना बहुधा कोर्टापर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नव्हती. माझे वडील, जे सहसा काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "आणा रे चहा."

तलाठ्याने फेरफाराची नोंद धरली आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस काढली. ते पंधरा दिवस मी रोज फोन केला. सोळाव्या दिवशी तलाठी म्हणाला की हरकत आली नाही, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. मी ताबडतोब आत्याला कळवले.

"बरं," ती म्हणाली. "दूध काढायलेय. ठेव."

पुढच्या रविवारी मी सातबाऱ्याचा उतारा घेऊन पिशोरला गेले. आत्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, स्वतःच्या नावावर बोट ठेवले आणि पिठाच्या डब्याखाली सरकवला. दुपारी काकांची गाडी आली. एरवी ते न विचारता थेट गोठ्यापर्यंत गाडी आणत. त्या दिवशी गाडी फाटकापाशी थांबली. काच खाली झाली.

"आक्का, गाडी आत घेऊ का?"

आत्याने वर पाहिले. वाटेत कडब्याच्या पाच-सहा पेंढ्या पडल्या होत्या. "थांब जरा," ती म्हणाली. "पेंढ्या बाजूला घेते."

एवढ्या पेंढ्या हलवायला तिला दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी अकरा लागली. मी घड्याळ लावले होते. ती एकेक पेंढी उचलायची, झटकायची, नीट रचायची, मागे सरून बघायची. काका स्टिअरिंगवर हात ठेवून फाटकाबाहेर थांबले होते, आणि त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.